खुर्च्यांना कारणं सांगणारा साहेब

साहेबाबरोबर मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे खुर्च्या धुणं.

पौष होता. म्हशाची जत्रा तोंडावर आली होती. दुपारी विहिरीवर आम्ही दोघंच. मी पाणी शेंदत होतो आणि साहेब काथ्यानं पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या घासत होता. गावातल्या कुणीतरी परत त्यांना हळदकुंकू लावून ठेवलं होतं. प्लास्टिकवर कुंकू चढलं की जाता जात नाही, गुलाबी डाग राहतो. साहेब तो डाग जोर न लावता घासायचा, लहान पोराच्या तोंडाला लागलेलं पुसावं तसा.

गाव म्हणायचं, या खुर्च्यांवर भुतं बसतात. मी काहीच म्हणत नव्हतो. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि ती गेल्यापासून मला कशावरच काही म्हणावंसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात माझी धाकटी बहीण आली. ती म्हशाला दिलेली. रिक्षातून उतरली ती घरात न शिरता सरळ विहिरीवर. साहेबाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. म्हशाला कुणा बाईच्या अंगात येतं. तिला हिनं माझ्या बायकोचं विचारलं होतं आणि उत्तर घेऊन आली होती.

"दादा, वयनीला ह्या खुर्च्यांनी नेली. रोज सांजचा भुतांना चा पाजीत होती ती, मंग काय होनार? उद्या सकाळपर्यंत ह्याला खोलीतनं काढ. नायतर तुझ्या घरचं पानी मी पिनार नाय."

साहेब तिथंच उकिडवा बसला होता. त्यानं खुर्ची उलटी केली आणि तिचे पाय घासायला घेतले.

मी म्हटलं, बघतो. ती त्याच रिक्षानं परत गेली. पाणी प्यायलीच नाही, म्हणजे धमकी तेव्हापासूनच चालू.

मला बहिणीचा राग आला नाही. साहेबाचा आला का तेही सांगता येत नाही. बायको का गेली हे मला वर्षभर कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय घास गिळवत नव्हता. आता बहिणीनं कारण आणलं होतं. खरं असलं, तर ते माझ्या शेजारी बसून काथ्या पिळत होतं.

हा साहेब कोण, ते आधी सांगतो.

आमचं गाव सरळगावहून किन्हवलीला जाणाऱ्या रस्त्याला, फाट्यापासून आत. घराच्या मागं मी मुलासाठी बांधलेलं दुसरं घर रिकामं पडलं होतं. मुलगा कल्याणला राहतो, सणाला येतो, ओटीवर बसून मोबाईल बघतो आणि जातो. साहेब आला तेव्हा त्यानं नळ बघितला नाही, संडास बघितला नाही. म्हणाला, "खोली लहान चालेल, ओटी लांब हवी." त्या घराची ओटी लांब आहे. पुढं खळं, खळ्यापलीकडं भाताची खाचरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एकदा चालला आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, उतरवा. सामान म्हणजे एक पेटी, एक कॉम्प्युटर आणि खुर्च्या.

मुंबईकडच्या मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत तो माणसं घेणारा होता. शिकलेली मुलं-मुली यायची, हा त्यांना प्रश्न विचारायचा आणि घ्यायचं का नाही ते ठरवायचा. अर्धी उमर त्यानं दुसरं काही केलं नाही. तो म्हणायचा, "घेतली थोडी, काका. परत पाठवली फार."

आणि आमच्याकडं आल्यापासून त्यानं प्रश्न विचारणं सोडलं होतं. कुणी बिडी सोडावी तसं. भूक लागली तर जेवण आहे का असं विचारायचा नाही. दारात उभा राहून म्हणायचा, "काकी, वांग्याचा वास येतोय असं मला वाटतं." आमच्या म्हातारीला, म्हणजे माझ्या बायकोला, हसू यायचं. ती मुद्दाम म्हणायची, "येतोय तर येऊ द्या." मग तो तसाच उभा. शेवटी तीच ताट वाढायची. एकदा शहापूरला त्यानं एसटी कुठं जाते हे कुणाला विचारलं नाही आणि मुरबाडला यायच्या ऐवजी कसाऱ्याला जाऊन पोचला. दुसऱ्या दिवशी आला. तक्रार नाही, काही नाही. कसाऱ्याला थंडी बरी आहे म्हणाला.

त्याची आणखी एक खोड म्हणजे कुणाच्याही समोर बसायचं नाही. आपण समोर बसलो की हा उठायचा आणि आपल्या शेजारी येऊन बसायचा. मग दोघं खळ्याकडं तोंड करून बोलायचं. आधी मला वाटलं, मला पान खायची सवय, वास येत असेल. तसं नव्हतं. तो म्हणायचा, "समोर बसलेलं माणूस आपलं तोंड सांभाळतं. शेजारी बसलेलं काम सांभाळतं. मी सगळी उमर समोर बसलो."

त्याचं म्हणणं असं की नोकरीला माणूस घ्यायचा तर त्याला कोड्यात पाडून काय कळणार. अर्धा दिवस त्याच्याबरोबर बसून काम करावं. आमची म्हातारी वाल सोलायला बसली की तो तिच्या शेजारी बसायचा. एकदा ती म्हणाली, "भाऊ, तुमी किडका दाना पन टाकीत नाय. हातात घेऊन बघीत बसता. तुमचं कायतरी टाकायचं राहिलंय."

त्या दिवशी तो वाल अर्धे टाकून उठला.

आता खुर्च्यांचं.

दिवेलागणीच्या थोडं आधी तो ओटीवर खुर्च्या मांडायचा. एका रांगेत, सगळ्यांची तोंडं खळ्याकडं. अलीकडच्या टोकाच्या खुर्चीवर स्वतः बसायचा. मग मोठ्यानं एक नाव घ्यायचा, दवाखान्यात कंपाउंडर घेतो तसं, नाव आणि आडनाव. नाव घेतलं की थांबायचा. माणसाला उठून यायला लागेल तेवढा वेळ. मग हळू आवाजात बोलायला लागायचा. तुम्ही अमक्या वेळेला आला होतात, निळा शर्ट होता, बाहेर फार वेळ बसवलं होतं, अमकं विचारलं, तुम्ही असं उत्तर दिलंत. आणि मग, तुम्हाला का घेतलं नाही, त्याचं कारण. शेवटी रोज तेच. "उत्तर द्यायला उशीर झाला. माफ करा. आता तुम्ही जा."

परत थांबायचा. मग उठून ती खुर्ची भिंतीकडं नेऊन दुसऱ्या खुर्चीत घालून ठेवायचा. कधी लगेच उठायचा, कधी अंधार पडेपर्यंत उठायचा नाही. मी एकदा म्हटलं, आज किती वेळ लावलात. तर म्हणाला, "रडत होता. रडणं झाल्याशिवाय कसा उठवू."

पहिल्यांदा आम्ही हसलो. मी जास्त हसलो. म्हातारी त्याला चहा घेऊन जायची तेव्हा त्या रांगेपुढून जाताना गंमतीनं म्हणायची, "पाय जरा आत घ्या रे पोरांनो." पुढं पुढं ती गंमत राहिली नाही. तिथून जाताना ती ते म्हणायचीच, आणि तोंडावर हसू नसायचं. साडी सावरून, अंग चोरून जायची. चहाही एका कपाचे दोन झाले, दोनाचे चार. कुणी प्यायलं नाही तर ओतून टाकायची, पण न्यायची. आमचा कुत्रा तर रांगेच्या पुढून कधीच गेला नाही. मागून, भिंतीला अंग घासत जायचा.

मी अडाणी माणूस, चौथीपर्यंत शिकलेला. मनात आलं ते विचारून मोकळा होतो. एका संध्याकाळी म्हटलं, साहेब, हे कोण लोक? त्यानं सांगितलं, ज्यांना आम्ही 'कळवतो' म्हणालो आणि कळवलं नाही, ते.

"नाही म्हटलेलं माणूस घरी जातं, काका. 'कळवतो' म्हटलेलं जात नाही. ते तिथंच बसून राहतं."

ऑफिसात सगळे गेले की त्याला बाहेरच्या खोलीतला सोफा भरलेला दिसायचा म्हणे. त्यानं सोफा बदलून घेतला. खोली बदलून घेतली. मग नोकरी सोडली. आणि सोडल्यावर कळलं की ते काही ऑफिसात बसले नव्हते, ह्याच्याकडं बसले होते. तेव्हा त्यानं खुर्च्या विकत घेतल्या. निदान त्यांना नीट बसता यावं म्हणून.

रांगेतल्या पलीकडच्या टोकाच्या खुर्चीवरच्या माणसाचं त्यानं कधी नाव घेतलं नाही. बाकीच्या रोज उचलल्या जायच्या, ती तिथंच. पाऊस असो, थंडी असो. मळणीच्या दिवसांत आमच्याकडं सगळ्या घराला तूस चढतं, भांड्यांना, देवांना, डोळ्यांच्या केसांना. म्हातारीनं मला एकदा बोलावून ती खुर्ची दाखवली. पाठीवर तूस होतं, दोन्ही हातांवर होतं. बैठकीवर नव्हतं. कुणी बसलं तर जेवढी जागा झाकली जाईल तेवढी स्वच्छ होती. मी म्हटलं, वारा असेल. ती म्हणाली, "वारा काय मांडी घालून बसतो काय?"

त्याच्या जुन्या कंपनीला त्याची आठवण यायची. एकदा गाडी आली, एक गोरा-गोमटा माणूस आणि एक तरुण बाई. घेतलेली मुलं टिकत नाहीत आणि चांगली येत नाहीत, तर माणसं घ्यायची पद्धत सुधारायची होती. साहेबानं ते काम इतर कुणाहीपेक्षा जास्त केलेलं, म्हणून त्याला विचारायला आले. साहेबानं त्यांना ओटीवर बसवलं, म्हणाला, "बसा, कळवतो," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

ते बसले. ऊन डोक्यावर आलं. माणूस दोनदा दार वाजवून आला. आतून आवाज, "कळवतो." त्यांना जाताही येईना, कारण काम अडलेलं, आणि थांबायचं किती तेही कळेना. आमच्या म्हातारीला राहवलं नाही. तिनं नाचणीची भाकर आणि लसणाची चटणी नेऊन दिली. बाईनं खाल्ली. तो माणूस फोनवर रेंज शोधत खळ्यात फिरत होता.

उतरत्या उन्हात ती बाई सावलीला म्हणून पलीकडच्या टोकाला सरकली आणि शेवटच्या खुर्चीवर बसली. बसली तशी उठली. हात मागं नेऊन बैठक चाचपली.

"इथं कुणी बसलं होतं का? गरम आहे."

त्या टोकाला सकाळपासून ऊन आलेलं नव्हतं. मी तिथंच पेंढ्या बांधत होतो, मला ठाऊक. तेवढ्यात साहेब दार उघडून धावत आला, "तिथं नको, तिथं नको," म्हणत. मग भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "सकाळपासून इथं बसून तुम्हाला जे वाटतंय, तेवढंच बदला. कधी सांगणार ते आधी सांगा. हो का नाही ते सांगा. आणि का, ते सांगा. बाकी तुमचे पेपर आणि कोडी चालू द्या, त्यानं काही होत नाही."

माणूस चिडून गाडीत जाऊन बसला. बाई थांबली. तिनं विचारलं, "आणि कारणच नसलं तर?"

साहेब आत गेला आणि दार लावलं. त्या दिवशी खुर्च्या मांडल्या नाहीत.

या सगळ्याचा गावानं आपला अर्थ लावला. हा नावानं बोलावतो, बोलतो, पाठवून देतो, म्हणजे देवऋषी. वीटभट्टीवर गेलेला नवरा परतला नाही अशी पाड्यावरची एक बाई नारळ घेऊन ओटीखाली येऊन बसली. साहेब तिला हात जोडून सांगत होता, मी तो नव्हे. तिला वाटलं, नारळ लहान पडला. मग हळदकुंकू सुरू झालं. कुणी खुर्चीच्या पायाला काळा दोरा बांधला. अमावस्येला तर शेवटच्या खुर्चीवर दहीभात ठेवलेला मिळाला, तो मी कुत्र्याला घातला, तर त्यानं तोंड लावलं नाही.

शेवटी लोकांनी खरा भगत आणला. म्हातारा, माझ्यापेक्षा मोठा, उघडा, खांद्यावर टॉवेल. त्यानं रांगेपुढं तांदूळ टाकले, बघितले, गोळा केले, परत टाकले. शेवटच्या खुर्चीपाशी बराच वेळ बसला. मग उठून लोकांना म्हणाला, घरी जा. साहेबाला आणि आम्हाला दोघांना एवढंच सांगितलं.

"ही मेलेली नाय. जित्या मानसांचं वाट बघनं येऊन बसलंय हितं. मेलेला माझं ऐकतो. जित्याला मी काय सांगू?"

त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हातारीनं दिलेला चहा घेतला आणि जाताना रांगेला वळसा घालून गेला.

शेवटच्या खुर्चीत कोण, ते साहेबानं मला नाही, म्हातारीला सांगितलं होतं. तिनं मला सांगितलं. डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी. आश्रमशाळेत शिकली, मग कॉलेज, मग कंपनीत मुलाखतीला आली. विचारलं ते सगळं सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांना आवडली. मग चहा आला. बोलणं दुसरीकडं गेलं, तिचा कागद कपबशीखाली राहिला, आणि कुणीतरी तिला 'कळवतो' म्हणालं. ती पुढं कितीतरी महिने फोन करायची. साहेब फोन घेणाऱ्या मुलीला सांगायचा, सांग मीटिंगमध्ये आहेत.

म्हणून तो आमच्याकडं राहायला आला होता. मुंबईहून डोळखांबला निघाला आणि वाटेत थांबला. पुढं जाईना. काय सांगणार तिला? सगळ्यांना कारण होतं, हिलाच नव्हतं.

"कारन सापडलं की जानार हायेत भाऊ," म्हातारी म्हणाली. कुणाचा ताप उतरायची वाट बघावी तशी ती त्याची वाट बघत होती.

ती गेली माघात. दुपारी तांदूळ पाखडत ओटीवर बसली होती. मी खाचरातून आलो तर सूप मांडीवर, पाठ खांबाला, तोंड खळ्याकडं. चुलीवरचा चहा आटून भांडं करपलं होतं. तो वास माझ्या नाकातून अजून जात नाही. दमा मला. वय माझं जास्त. पाच वर्षांपूर्वी मीच उल्हासनगरच्या दवाखान्यात नळ्या लावून पडलो होतो आणि ती बाहेर जमिनीवर झोपत होती. आणि गेली ती.

माणसं आली, रडली, चहा प्यायली, गेली. साहेब आला नाही. अंधार पडल्यावर ताटलीत भात घेऊन आला. स्वतः केलेला, खाली लागलेला. माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "जेवलात का तुम्ही?"

आमच्याकडं आल्यापासून त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न. मी जेवलो नव्हतो.

त्यानंतर जो आला त्यानं एक कारण आणलं. डॉक्टर म्हणाला हृदय. मुलगा म्हणाला गोळ्या वेळेवर दिल्या नाहीत. सून म्हणाली तिखट फार खायच्या. भावकीतला एक म्हणाला म्हशाच्या देवाचा नवस फेडायचा राहिला. शेजारीण म्हणाली ग्रहणात भाजी चिरली. प्रत्येक कारणात एक जागा रिकामी ठेवलेली असायची, मला बसवायला. मी गोळ्या द्यायला हव्या होत्या, मी नवस फेडायला हवा होता, मी लवकर घरी यायला हवं होतं. मी रात्रंदिवस एकेका कारणात जाऊन बसायचो आणि उठून दुसऱ्यात बसायचो. आणि विहिरीवरच्या त्या दुपारी बहिणीनं आणखी एक आणून दिलं.

त्या संध्याकाळी साहेबानं धुतलेल्या खुर्च्या मांडल्या. ओल्याच होत्या. तो आपल्या टोकाला बसला आणि नाव घ्यायच्या आत मी ओटी चढून रांगेतल्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसलो. धोतराला पाणी लागलं. डावीकडं साहेब. उजवीकडं, दोन खुर्च्या सोडून, ती शेवटची. मी तिकडं बघितलं नाही, पण त्या बाजूच्या कानाला ऊब लागत होती, कुणी शेजारी श्वास घेत असलं की लागते तशी.

मी म्हटलं, "आज माझं नाव घ्या."

साहेब ओल्या खुर्चीचा हात पुसत राहिला.

"घ्या ना. रोज ह्यांना सांगता, मला सांगा. माझं वय झालेलं, दमा मला. मला नाय घेतलं, तिला घेतली. का? बहीन बोलते तुमच्या खुर्च्यांनी नेली. तसं असंल तर तसं सांगा. उद्या तुमाला काढतो न मोकला होतो."

तो खळ्याकडं बघत राहिला. खळ्यात अंधार उतरत होता.

"कारण नाही, काका."

"मंग ह्यांना सांगता ते?"

"बनवतो."

"म्हंजे खोटं."

"नंतर लावलेलं. तिथंही तसंच करायचो. पाच माणसं बसलेली असायची, दिवसभर माणसं बघून थकलेली. कुणीतरी म्हणायचं, नको वाटतं. बाकीचे मान हलवायचे. मग कारण शोधायचो. इंग्रजीत मिळतात, पाहिजे तेवढी." त्याचा आवाज बसला होता. "काकींच्यात काही कमी नव्हतं. तुमच्यात काही जास्त नव्हतं. कुणीही जाऊ शकलं असतं. मी एवढी वर्षं कारणं दिली, मला कळतं. याला नाही."

मला वाटलं होतं माझं डोकं फिरेल. तसं झालं नाही. छातीवर कुणीतरी घातलेली पोती एकेक करून उतरवावीत तसं झालं. गोळ्या उतरल्या, नवस उतरला, ग्रहण उतरलं, खुर्च्या उतरल्या. ती गेली एवढंच राहिलं. ते जड होतं, पण ते माझं होतं. मी रडलो. वर्षभरात नीट रडलो नव्हतो.

मग मी नाक पुसून म्हटलं, "मला सांगितलंत, तेच तिला सांगा."

त्याला कळलं कुणाला ते. "एवढंच? की कारण नव्हतं?"

"मंग अजून काय सांगनार? ती पोरगी इतकी वर्स एकेका कारनात जाऊन बसत असंल. माझ्यासारखी."

तो मान वळवून शेवटच्या खुर्चीकडं बघायला लागला. ओठ हलले. मी त्याचा हात धरला.

"खुर्चीला नको. भगत काय बोलला? जिती हाय ती. माझी सांगायला पन उरली नाय, तुमची हाय. एसटी जाते तिथं."

मग त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. आणि म्हणाला, "उत्तर द्यायला उशीर झाला. माफ करा. आता तुम्ही जा."

मी उठलो. पायऱ्या उतरून खळ्यातून मागं वळून बघितलं, तर तो अजून माझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघत थांबलेला होता. कशासाठी, ते मला विचारावंसं वाटलं नाही. मग तो उठला आणि खुर्ची उचलून भिंतीकडं नेली. मी घरी जाऊन काल रात्रीची भाकर खाल्ली. सगळी खाल्ली.

ती कंपनीची बाई नंतर एकदा एकटीच येऊन गेली. साहेब खोली सोडून गेलाय म्हटलं, तरी बसली, माझ्या शेजारी, पायरीवर. आता कंपनीत कुणाला घेतलं नाही तर फोन करून सांगतात म्हणाली, प्रत्येकाला. सांगितलेल्या दिवशी. आणि कारण नसलं तर नाही म्हणूनच सांगतात. वरच्या लोकांना ते आवडत नाही, पण मुलं शांतपणे फोन ठेवतात. एकदोन जणांनी तर तिला थँक्यू म्हटलं. मी म्हटलं, म्हणणारच. माझ्या बहिणीला वाटतं मी साहेबाला काढला. वाटू दे. येते आता पाणी प्यायला.

मी खुर्चीवर बसून रडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. धुकं इतकं की खळं दिसत नव्हतं. साहेब ओटीवर तयार उभा होता. आंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, आमच्याकडं आल्यापासून न घातलेले. हातात काही नाही. शेवटच्या खुर्चीपाशी गेला आणि साधं म्हणाला, घरातल्या माणसाला म्हणावं तसं, "चला."

मग थांबला. आणि मग ती खुर्ची उचलून भिंतीकडच्या खुर्च्यांत ठेवली. ती कधीच उचललेली मी बघितली नव्हती.

मी फाट्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. तो रस्त्याच्या कडेनं चालत होता, मधली वाट सोडून. मी दुसऱ्या कडेनं. आम्हा दोघांत जागा राहत होती, आणि मला काही तिकडं सरकावंसं वाटलं नाही. कुत्रा आमच्या मागं यायचा थांबला, फाट्याच्या अलीकडंच बसला.

डोळखांबची एसटी दिवे लावून आली. आत गाडी जवळजवळ रिकामी. साहेब चढला, पण आधी दरवाज्यातून बाजूला झाला, कुणाला पुढं जाऊ द्यावं तसा. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला.

"डोळखांब. दोन."

कंडक्टरनं मागं बघितलं. रस्त्यावर बघितलं. मग खाली उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. "दुसरा कोन? तुमी येताय का, बाबा?"

मी म्हटलं, "नाय. दे की दोन. बोलतायत ना ते."

त्यानं दिली. साहेब खिडकीची जागा सोडून इकडच्या बाजूला बसला. थंडी होती, म्हणून हात लांब करून त्यानं खिडकीची काच लावली. मग शेजारी वळला, जरा ऐकल्यासारखं केलं, मान हलवली, आणि काच परत अर्धी उघडली.

गाडी सुटली.